चित्रातून अर्थाकडे
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्ञानाराधनेचा विषय निघावा, हे सर्वथा उचित होय. जैन परंपरेत ग्रंथाला जो मान आहे तो अन्यत्र क्वचितच आढळेल. श्वेतांबर समाज कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि दिगंबर समाज ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळतो. त्या दिवशी पोथ्या बाहेर काढल्या जातात, त्यांवरील धूळ झटकली जाते, त्यांना नवी वेष्टने बांधली जातात आणि मनोभावे पूजा होते. पोथीचे रक्षण कसे करावे हे या समाजाला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. पोथी उघडली, मुलाने पान वाचले. त्या पानाचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचला का?

पाठशाळेत वा शाळेत नेहमी दिसणारे एक दृश्य पाहावे. मूल उभे राहते, पान खणखणीत वाचते, जोडाक्षरे चुकवीत नाही. सर्वजण कौतुक करतात. मग कोणी सहज विचारते, "त्या राजाने असे का केले?" मूल गप्प होते आणि पुन्हा त्याच ओळी वाचू लागते. मुलाने अक्षरे ओळखलेली असतात, परंतु अर्थ पानावरच राहिलेला असतो. या अंतरावर उपाय काय, आणि त्या उपायात चित्रकला, तिचा इतिहास आणि रंगकाम यांचे स्थान कोणते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

स्वाध्यायाची पाच अंगे

हा विचार बाहेरून आणण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचना म्हणजे ग्रंथाचे पठन, पृच्छना म्हणजे शंका विचारणे, अनुप्रेक्षा म्हणजे अर्थाचे मनाशी चिंतन, आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चारासह पुनरावृत्ती आणि धर्मोपदेश म्हणजे समजलेले दुसऱ्याला समजावून सांगणे. पाचांपैकी उच्चार आणि पाठांतर यांच्याशी प्रत्यक्ष निगडित अशी दोनच अंगे आहेत. उरलेली तीन अंगे अर्थाची आहेत. तथापि व्यवहारात पाठशाळेचा बहुतेक वेळ त्या दोन अंगांतच खर्च होतो. मुले सूत्रे मुखोद्गत करतात, परीक्षेत बक्षिसेही मिळवतात. परंतु प्रश्न विचारण्याची आणि सांगून दाखवण्याची पाळी क्वचित येते.

आधुनिक शिक्षणशास्त्रही निराळ्या वाटेने याच ठिकाणी आले. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986 साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता या दोहोंचा गुणाकार, असे त्यांचे म्हणणे. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता आले पाहिजे, असेच ध्येय ठेवण्यात आले. त्यातील 'समजून' हा शब्दच सर्वांत अवघड आहे.

कोरपन्याचा प्रश्न

कोरपना तालुक्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. हा राजुऱ्याकडचा भाग 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हैदराबाद राज्यात होता आणि आजही तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. येथे चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत, कापसाची शेते आहेत आणि माणिकगडाच्या डोंगरांकडे जाणारे रान आहे. एकाच बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, हिंदी ऐकू येते. व्यापारी घरांतून मारवाडी आणि गुजरातीही बोलली जाते. गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातील भाषा. मराठीशी त्यांचे कुळ जुळत नाही. कोलाम समाजाची गणना महाराष्ट्रातील तीन अतिदुर्बल आदिम जमातींत होते. अशा घरातले मूल पहिलीत येते तेव्हा अक्षर आणि भाषा ही दोन्ही ओझी एकाच वेळी त्याच्या खांद्यावर पडतात. अक्षर कष्टाने येते, भाषा मागे राहते आणि गुणाकार फसतो.

जैन घरांतील मुलांची अडचण वेगळी दिसली तरी मूळ तेच आहे. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि पाठशाळेत प्राकृत-संस्कृत. भगवान महावीरांनी उपदेशासाठी लोकांची भाषा निवडली, ती अर्धमागधी. समवसरणात बसलेल्या प्रत्येक जीवाला तो उपदेश आपापल्या भाषेत समजत असे, असे परंपरा सांगते. या श्रद्धेत शिक्षकासाठी एक स्पष्ट सूचना दडलेली आहे : ऐकणाऱ्याच्या भाषेत पोहोचल्याशिवाय उपदेश पूर्ण होत नाही. भाषेच्या या पायरीवर चित्र कामी येते. चित्र पाहताना कोलाम मूल, मारवाडी मूल आणि तेलुगू मूल एकाच ओळीत बसतात. पाहिलेली गोष्ट मूल आधी आपल्या भाषेत सांगते, मग तिला मराठी शब्द मिळतो, आणि नंतर तो शब्द पुस्तकात भेटला की ओळखीचा वाटतो.

चित्रही वाचावे लागते

परंतु चित्र म्हणजे केवळ शोभा नव्हे. तेही वाचावे लागते आणि चुकीचेही वाचले जाते. याचे उत्तम उदाहरण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळ येथे आहे. तेथील क्रमांक 30 ते 34 ही लेणी जैन आहेत. त्यांपैकी 32 क्रमांकाचे लेणे 'इंद्रसभा' या नावाने जगप्रसिद्ध आहे. वस्तुतः तेथे इंद्राची सभा नाही. लेण्यात हत्तीवर आरूढ झालेली एक भव्य मूर्ती आहे. हत्ती दिसला की ऐरावत आठवतो आणि ऐरावत म्हटला की इंद्र. समोर सिंहावर बसलेली देवी दिसली, तिला इंद्राणी ठरवले गेले. पुढे अभ्यासकांनी बाकीच्या खुणा पाहिल्या. पुरुषमूर्तीच्या डोक्यावर वटवृक्ष आहे, तर देवीच्या डोक्यावर आम्रवृक्ष आहे आणि तिच्याजवळ बालक आहे. त्या खुणांवरून ती मूर्ती यक्षाची असून देवी नेमिनाथांची शासनदेवता अंबिका होय, हे स्पष्ट झाले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

ही चूक कशी झाली? एक खूण पाहिली आणि बाकीच्या सोडल्या. वर्गातील मूलही हेच करते. परिच्छेदातील एक ओळखीचा शब्द पकडते आणि उरलेला अर्थ अंदाजाने भरून टाकते. म्हणून इंद्रसभेची हकीकत मुलांना अवश्य सांगावी. छायाचित्र दाखवावे आणि विचारावे, "हा कोण असेल? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसते?" अमेरिकेत फिलिप येनावाइन आणि अबिगेल हाउसेन यांनी संग्रहालयातील चित्रे दाखवण्यासाठी जी पद्धत विकसित केली, तिचा कणा जवळजवळ हेच तीन प्रश्न आहेत. त्यांतील 'कशावरून?' हा प्रश्न सर्वांत मोलाचा. चित्रासमोर 'कशावरून' विचारण्याची सवय लागलेले मूल पुस्तकासमोरही ओळीवर बोट ठेवून उत्तर देऊ लागते.

वेरूळच्याच लेण्यांत बाहुबली आणि पार्श्वनाथ यांच्या मूर्ती समोरासमोर आढळतात. बाहुबलींच्या पायांवरून आणि हातांवरून वेली चढल्या आहेत. शिल्पकाराने कोठेही काळ लिहिलेला नाही. मुलांना विचारावे, "हे येथे किती वेळ उभे असतील?" रानाच्या कडेला राहणाऱ्या मुलाला हे सांगण्यासाठी पुस्तक लागत नाही. वेल एका दिवसात माणसाच्या दंडापर्यंत चढत नाही, हे त्याला ठाऊक असते. महिने गेले असतील, असे ते स्वतःच म्हणते. परंपरा एक वर्ष सांगते. न लिहिलेली गोष्ट लिहिलेल्या खुणांवरून ओळखणे, यालाच वाचनात अनुमान म्हणतात आणि मोठमोठ्या परीक्षांत मुले येथेच अडतात. ते अनुमान बाहुबलींच्या चरणांपाशी पाच मिनिटांत समजते.

पोथीतील चित्रे

जैन पोथ्यांनी शब्द आणि चित्र एकाच पानावर कित्येक शतके शेजारी ठेवले. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या पोथ्या प्रथम ताडपत्रावर आणि चौदाव्या शतकापासून हळूहळू कागदावर उतरल्या. त्यांतील बाजूने काढलेले चेहरे, चेहऱ्याच्या कडेबाहेर डोकावणारा दुसरा डोळा, लाल पार्श्वभूमी आणि पुढील काळात आलेले गडद निळे व सोनेरी रंग ही त्या शैलीची ओळख. ताडपत्राच्या पोथीला दोरा ओवण्यासाठी छिद्र असे. कागदाला त्याची गरज उरली नाही, तरी लेखकांनी त्या जागी रंगीत टिकली ठेवली. मुलांना ही टिकली दाखवून 'ही येथे का असेल?' असे विचारले तर इतिहास म्हणजे काय, हे त्यांना एका ठिपक्यातून कळते.

विदर्भालाही हा वारसा आहे. कारंजा येथील ग्रंथभांडारांनी अपभ्रंश भाषेतील अमोल ग्रंथ सांभाळले. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेली सुगंधदशमी कथा भारतीय ज्ञानपीठाने 1966 साली प्रसिद्ध केली. तीत अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, हिंदी यांबरोबर जिनसागरांची मराठी कथाही आहे, आणि नागपूर येथील सचित्र पोथीतील चित्रेही दिली आहेत. भाद्रपद शुद्ध दशमीचे हे व्रत घरोघरी परिचित आहे. त्या व्रताची कथा मराठीत लिहून ती चित्रांसह पोथीत उतरवावी असे ज्यांना वाटले, त्यांना अर्थ पोहोचवण्याचीच तळमळ होती.

रंग हेच उत्तर

आता रंगकामाकडे वळू या. छापील आकृती वाटून 'रंगवा' म्हटल्याने वेळ जातो. आकलन वाढत नाही. रंगकामाला वाचनाचा आधार हवा. आधी मजकूर, मग रंग. आणि कोणता रंग कोठे, हे मजकूर समजल्याशिवाय ठरता कामा नये.

त्रिशला मातेच्या स्वप्नांचेच पाहा. श्वेतांबर परंपरेत चौदा आणि दिगंबर परंपरेत सोळा स्वप्ने सांगितली आहेत. दोन्हींत शेवटचे स्वप्न निर्धूम अग्नीचे आहे. त्याचे चार-पाच ओळींचे सोपे मराठी वर्णन मुलांना वाचायला द्यावे, चित्र मुळीच दाखवू नये आणि ते स्वप्न काढून रंगवायला सांगावे. बहुतेक मुले लालपिवळ्या ज्वाला काढतील आणि सवयीने वर करडा धूरही काढतील. ज्याने 'निर्धूम' शब्द वाचून समजून घेतला, त्याचाच कागद वर स्वच्छ राहील. शिक्षकाला वही तपासण्याची गरज नाही. वर्गातून एक फेरी मारली की कोणी शब्द ओलांडला ते दिसते. ज्या मुलाला मराठीत उत्तर लिहिणे जमत नाही, त्यालाही येथे उत्तर देता येते, कारण त्याचा रंग हेच त्याचे उत्तर असते. धूर काढलेल्या मुलाला रागावू नये. त्याला ती ओळ पुन्हा वाचायला लावावी. ते स्वतःच खोडरबर शोधू लागेल.

दुसरा पाठ षड्लेश्यांचा. सहा भुकेले वाटसरू आणि जांभळाचे झाड ही कथा गोम्मटसारातील दृष्टांतामुळे प्रसिद्ध असून मंदिरांच्या भिंतींवरही पुष्कळदा रंगवलेली दिसते. एकजण झाड मुळासकट उपटावे म्हणतो, दुसरा खोड तोडावे म्हणतो, तिसरा मोठी फांदी, चौथा लहान डहाळी. पाचवा केवळ फळे तोडू इच्छितो आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून खावी म्हणतो. कृष्ण, नील, कापोत, पीत अथवा तेजो, पद्म आणि शुक्ल अशा सहा लेश्या येथे क्रमाने येतात. मधल्या शुभ लेश्यांच्या रंगछटेविषयी परंपरांत थोडा भेद आहे, म्हणून घरच्या परंपरेप्रमाणे रंगांचा तक्ता आधी फळ्यावर लिहावा. नंतर कथा द्यावी, पण तीत कोणाची लेश्या कोणती हे लिहू नये आणि माणसांचा क्रमही उलटसुलट करावा. मुलांनी प्रत्येकाचे बोलणे वाचून त्याच्या उपरण्याला रंग द्यावा आणि ज्या ओळीवरून रंग ठरवला ती अधोरेखित करावी. येथे वाचना, पृच्छना आणि अनुप्रेक्षा एकाच कागदावर येतात. शेवटी प्रत्येकाने शेजाऱ्याला आपला रंग समजावून सांगितला की धर्मोपदेशही घडतो.

कोरपन्याच्या मुलांना या कथेतला सहावा माणूस विशेष जवळचा आहे. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाखाली जाऊन रात्री गळलेली फुले वेचणे हे येथील गोंड-कोलाम घरांतले नित्याचे काम. मोहाची फुले वेचण्यासाठी कोणी झाड तोडत नाही. तोडले तर पुढच्या वर्षी फूल नाही. जे तत्त्व पोथीने शुक्ल लेश्येत सांगितले, ते ही मुले टोपली घेऊन आचरताना दिसतात. जैन मूल आणि कोलाम मूल एकाच सतरंजीवर बसून ही कथा वाचतील, तर शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे सांगणे कठीण होईल.

एक सावधगिरी

रंगांबरोबर एक धोकाही येतो आणि तो डोळ्याआड करता येणार नाही. 'कृष्ण लेश्या वाईट' एवढेच सांगून थांबले, तर लहान मूल 'काळा म्हणजे वाईट' असा अर्थ घेते. शेजारी बसलेल्या सावळ्या मुलाकडे पाहून ते तो बोलूनही दाखवते. ज्या धर्माने जीवमात्राला समान मानले, त्याच्या पाठशाळेतून हा अर्थ घेऊन मूल घरी गेले, तर संपूर्ण पाठ व्यर्थ ठरतो. म्हणून त्याच तासाला दुसरे चित्र ठेवावे. मुनिसुव्रत आणि नेमिनाथ हे तीर्थंकर श्यामवर्ण आहेत. याच जिल्ह्यातील भद्रावतीच्या पार्श्वनाथांची मूर्ती श्यामवर्णी आहे आणि तिच्यापुढे सर्वजण मस्तक नमवतात. नवपदांच्या मंडलात साधुपदाचा रंग काळाच आहे. मग काळ्या रंगाचा अर्थ कोणता? मुलांना हा प्रश्न विचारावा आणि घाई न करता उत्तराची वाट पाहावी. लेश्येतील काळा हा मनाच्या परिणामाचा रंग आहे. तो देहाचा नव्हे. शब्दाचा अर्थ जसा वाक्यावरून ठरतो, तसा रंगाचा अर्थ चित्रावरून ठरतो. ज्या मुलाला हे उमगले, त्याला वाचनाचे मर्म उमगले असे म्हणण्यास हरकत नाही.

आणखी दोन पथ्ये आहेत. चित्र आणि मजकूर नेहमी एकत्र देऊ नयेत. तसे केल्यास मूल चित्र पाहून उत्तर देते आणि मजकूर वाचतच नाही. नवे शब्द द्यायचे असतील तेव्हा चित्र आधी, आणि आकलन पाहायचे असेल तेव्हा मजकूर आधी. दुसरे असे की, ज्या मुलाला अक्षरेच ओळखता येत नाहीत, त्याला चित्रांनी वाचता येणार नाही. त्याचा अक्षरांचा सराव स्वतंत्रपणे चालू राहिला पाहिजे. गुणाकारातील दोन्ही संख्या वाढल्या पाहिजेत.

पुढील पन्नास वर्षांसाठी

या कामाला मोठा निधी लागत नाही. आठवड्यातून एक तास, कोरे कागद, मेणखडू, काही चांगली मोठी छायाचित्रे आणि 'कशावरून?' विचारण्याचा संयम असलेल्या दोन-चार व्यक्ती एवढे पुरे. पाठशाळेत जैन कथा असाव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत हीच पद्धत नेताना मात्र विषय त्या मुलांचे असावेत, कारण तेथे हेतू वाचनाचा आहे, धर्मप्रसाराचा नव्हे. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह होय. जटपुरा दरवाजाखालून कितीतरी माणसे रोज जातात. त्यांपैकी किती जणांनी ते वाचले असेल? त्या सिंहाविषयी आठ ओळी लिहून दिल्या, तर गोंड मूल ते पान आपले म्हणून वाचील.

ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघर भागात, बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या, तेव्हा त्यांनी मुलांच्या अंगणातील दगड, पाने आणि शिंपले यांनाच साधने मानले. कोरपन्याच्या अंगणात मोह आहे, जांभूळ आहे, आणि चार-पाच भाषा आहेत.

पन्नास वर्षांत संस्थेने जे उभे केले ते डोळ्यांना दिसते. पुढील कामाचे मोजमाप निराळे असेल. ज्ञानपंचमीला अथवा श्रुतपंचमीला पोथीची पूजा झाल्यावर एका मुलाला तीतील चार ओळी वाचण्यास सांगाव्यात आणि त्याने त्यांचा अर्थ आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत सर्वांना सांगावा. एखादे वर्ष ते अडखळेल, एखादे वर्ष चुकेल. परंतु ज्या वर्षी सभेतील दुसरे मूल उठून 'कशावरून?' असे विचारील आणि पहिले पोथीतील ओळीवर बोट ठेवील, त्या वर्षी स्वाध्यायाची पाचही अंगे या वास्तूत नांदू लागली, असे समजावे.

जय जिनेंद्र.